दर पावसाळ्यात डीएनए ओरिगामी बिघडते? आधी मॅग्नेशियमची बाटली हलवून बघा

आम्ही डीएनएचा लांब धागा दुमडून नॅनो आकाराचा ठोकळा करतो, हीच डीएनए ओरिगामी. तो नीट जुळला का ते जेलवर बघतो: वरच्या खाचांत, म्हणजे वेलमध्ये, नमुना घालून वीज सोडली की डीएनए खाली सरकतो आणि एकसारखे रेणू एका रेषेत, म्हणजे बँडमध्ये, गोळा होतात. लक्षण आधी सांगते. जेलवर जिथे एक रेखीव बँड यायला हवा तिथे काहीच नाही. तिथून वर, वेलच्या दिशेने, धुरकट पट्टा पसरलेला. खाली जादा स्टेपलचा, म्हणजे ठोकळा धरून ठेवणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांचा, नेहमीचा ढग. लॅडर, म्हणजे तुलनेसाठीची मापपट्टी, व्यवस्थित पळालेलं. स्टेपल तेच, तापवण्या-थंड करण्याच्या पीसीआर मशीनवरचा प्रोग्रॅम तोच, पिपेट धरणारे हातही तेच. फेब्रुवारीत याच कृतीने असा बँड आला होता की मुलांनी त्याचा फोटो स्टेटसला लावला. जुलैत धूर.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. सलग तीन वर्षं झालं. गोदेला पाणी चढलं, लोक छत्र्या घेऊन रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला निघाले, की आमच्या लॅबमध्ये कुणीतरी म्हणणारच, ‘मॅडम, आता ठोकळा बिघडणार.’ आणि तो बिघडायचाच. दिवाळीच्या सुमाराला आपोआप सुधारायचा, मग परीक्षा, मग पेपर तपासणी, आणि विषय मागे पडायचा. यंदा मात्र हट्टाने मुळाशी गेलो. ज्यांच्याकडे हाच धूर निघतोय त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहिते, आमच्या चुकांसकट.

ठोकळा म्हणजे काय ते नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. नऊवारीच्या निऱ्या आठवा. लांबच लांब वस्त्र पुढे-मागे दुमडायचं आणि घड्या पिनेने जागच्या जागी धरायच्या. इथे वस्त्राच्या जागी आहे एम१३ विषाणूचा एकेरी डीएनए, ७२४९ अक्षरांचा, त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. पिनांच्या जागी दीडदोनशे छोटे डीएनए तुकडे, म्हणजे स्टेपल. प्रत्येक स्टेपलचा एक भाग स्कॅफोल्डच्या एका जागी जुळतो, दुसरा भाग लांबच्या दुसऱ्या जागी. दोन्हीकडे चिकटला की त्या जागा एकमेकींजवळ ओढल्या जातात. सगळं एका ट्यूबमध्ये टाकायचं, तापवायचं, हळूहळू थंड करायचं. पिना आपापली जागा स्वतःच शोधतात. डीएनएला बांधकामाचं साहित्य म्हणून वापरायची कल्पना नेड सीमन यांनी १९८२ मध्ये मांडली; एका लांब धाग्याला असं दुमडायची युक्ती पॉल रॉथमंड यांनी २००६ मध्ये दाखवली आणि जगाला शंभर नॅनोमीटरचे हसरे चेहरे दिले. ते एका थराचे, सपाट. २००९ मध्ये डग्लस, शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थरावर थर रचून भरीव आकार केले. आमचा ठोकळा या दुसऱ्या जातीचा: कॅडनॅनो या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर आखलेला, ३२ हेलिक्स, म्हणजे डीएनएचे दुहेरी पीळ, शेजारी शेजारी रचलेले, लांबी साधारण ७० नॅनोमीटर.

ही जात नाजूक, आणि त्याचं कारण या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. डीएनएच्या कण्यावर प्रत्येक अक्षरामागे एक ऋण भार असतो. स्कॅफोल्ड आणि स्टेपल मिळून चौदा हजारांच्या आसपास ऋण भार आपण जेमतेम सत्तर नॅनोमीटर लांबीच्या जागेत कोंबायला निघालेलो असतो. ते एकमेकांना ढकलणारच. दोन भारांचा मॅग्नेशियम आयन मधे येऊन ही ढकलाढकली शमवतो म्हणून हेलिक्स शेजारी नांदतात. सपाट, एक थराचा आयत मॅग्नेशियम थोडं कमीजास्त झालं तरी निभावून नेतो. रॉथमंडच्या कृतीत १२.५ मिलिमोलर (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, १००० मिलिमोलर म्हणजे १ मोलर) आहे आणि त्याच्या आसपास तो जुळतो. भरीव ठोकळ्याची खिडकी अरुंद असते. आमच्या ठोकळ्याला १८ मिलिमोलर लागतं. १४ वर धूर, २४ च्या पुढे गेलं की सगळा माल गुठळ्या होऊन वेलमध्येच बसतो.

आता आम्ही कुणाकुणावर आळ घेतला ते सांगते.

पहिल्या वर्षी स्टेपलवर. स्टेपल ठेवलेल्या प्लेटचं सील नीट बसलं नव्हतं, तिच्या कोपऱ्यातल्या खळग्यांमधलं पाणी उडून गेलं असेल, काही स्टेपल मिश्रणात आलेच नसतील, असं मीच ठामपणे सांगितलं. तर्क चुकीचा नव्हता, असं होतं. पण मग ते पावसाळ्यातच का व्हावं? वाळण्याचा दोष तर एप्रिल-मेमध्ये दिसायला हवा. हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या वर्षी विजेवर. हा संशयित फारच सोयीचा होता. पावसाळ्यात लाइट जाते, आमचं मशीन जुनं, लाइट गेली की प्रोग्रॅम मधेच तुटतो. ६५ अंशांवर १५ मिनिटं, मग ६० पासून ४४ अंशांपर्यंत तासाला एक अंश, अशी आमची उतरण रात्रभर चालते. मधेच मशीन बंद पडून नमुना खोलीच्या तापमानावर आला की चुकीच्या जोड्या तशाच गोठतात. खरं आहे, पण त्यावर उपायही सोपा: पुन्हा ६५ वर नेऊन उतरण पहिल्यापासून चालवायची. बहुतेक वेळा ठोकळा जुळतो. आम्ही मात्र मशीनला मोठा इन्व्हर्टर लावून घेतला, त्यासाठी अर्ज, कोटेशन, सह्या, सगळा सोपस्कार केला. इन्व्हर्टर बसला. रात्रभर एकदाही खंड पडला नाही. सकाळी जेलवर धूर.

त्याच धुराचा नमुना थर्मासमध्ये घालून सिन्नर, संगमनेर करत पुण्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली बघायला नेला हा तर शुद्ध वेडेपणा. जेलवर जे चांगलं नाही ते सूक्ष्मदर्शीखाली चांगलं दिसत नाही. अर्धवट उसवलेल्या गोळ्यांचे फोटो घेऊन परतलो.

यंदा दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि या दोन्ही तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

एक, जुना चांगला नमुना राखून ठेवला होता. जानेवारीत जुळलेल्या ठोकळ्याची एक ट्यूब फ्रिजमध्ये चार अंशांवर होती. धूर आला त्या दिवशी तीच शेजारच्या लेनमध्ये चालवली. तिचा बँड जागच्या जागी, रेखीव. म्हणजे जेल, करंट, रंगद्रव्य, सगळे निर्दोष सुटले. दोष जुळणीतच होता. अर्ध्या तासाच्या कामात अर्धे संशयित बाद झाले.

दोन, मॅग्नेशियमची शिडी लावली. आठ ट्यूब: ८, १०, १२, १४, १६, १८, २०, २२. बाकी सगळं तंतोतंत एक. हे खरं तर आरेखन नवीन असताना एकदा करतात आणि मग विसरतात. आम्हीही दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत केलं होतं, तेव्हा १८ ची लेन उत्तम आली, वहीत चौकट करून लिहून ठेवलं आणि त्यानंतर १८ हा आकडा वेदवाक्य झाला. यंदा जुलैत तीच शिडी पुन्हा लावली. १८ च्या लेनमध्ये धूर, २० मध्ये बँडची चाहूल, आणि २२ मध्ये फेब्रुवारीसारखा स्वच्छ बँड.

ठोकळा तोच, आणि त्याला लागणारं मॅग्नेशियम अचानक वाढलं? ठोकळ्याला ऋतू कळत नाहीत. मग ज्याला आम्ही २२ म्हणतोय ते खरं २२ नाही, इतकंच उरत होतं.

हे बोलणं चाललं असताना लॅबमधले मामा काचसामान धुऊन ठेवत होते. तीस वर्षं त्यांची याच इमारतीत गेली. मी मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली शेल्फवरून काढली, तसे ते म्हणाले, ‘मॅडम, ती तिरकी करू नका, झाकणातून पाणी येतं.’

‘पाणी कसलं मामा? कोरडं मीठ आहे ते.’

‘हलवून बघा की.’

हलवली. फेब्रुवारीत खळखळ वाजणारी बाटली आता थपथप करत होती. आत खडे एकमेकांना चिकटलेले, तळाशी बोटभर पातळ पाक.

‘घरी खडेमिठाला पाणी सुटतं तसंच आहे हे,’ मामा म्हणाले. ‘आम्ही बरणीत तांदूळ टाकतो.’

मामांना माहीत नव्हतं, पण ते उपमा देत नव्हते, कारणच सांगत होते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ओलं होत नाही. खडेमीठ त्याआधीच पाणी सोडतं ते त्यात थोडंसं मॅग्नेशियम क्लोराइड राहून गेलेलं असतं म्हणून. आणि मॅग्नेशियम क्लोराइड साधारण ३३ टक्क्यांनाच हवेतलं पाणी ओढायला लागतं. नाशिकची हिवाळ्यातली कोरडी दुपार सोडली तर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, आणि आषाढ-श्रावणात तर विचारूच नका. पाचशे ग्रॅमची बाटली, दर वेळी तराजूशेजारी पंधरा मिनिटं उघडी, झाकण अर्धवट आवळलेलं. तांदळाने काय होणार.

आता हिशेब जुळायला लागला. १ मोलर द्रावणासाठी हेक्झाहायड्रेटचे, म्हणजे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सहा रेणू असलेल्या नेहमीच्या मिठाचे, २०.३३ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर करायचे. तराजू २०.३३ दाखवतो, पण त्यातलं काही ग्रॅम आयतं पाणी. द्रावण पातळ होतं आणि बाटलीवर आपण विश्वासाने लिहितो ‘१ मोलर’. हिवाळ्यात केलेलं द्रावण जूनपर्यंत पुरायचं. जुलैत नवं सत्र सुरू झालं की ओल्या बाटलीतून नवं करायचो. दिवाळीनंतर खरेदीची नवी बाटली आली की ‘आपोआप’ सुधारायचं. तीन वर्षांचं कोडं एवढंच होतं.

पण संशय वेगळा आणि पुरावा वेगळा. पुरावा रसायनशास्त्र विभागात मिळतो, तोही पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये. पाण्याचा जडपणा मोजायचं, मॅग्नेशियम पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचं टायट्रेशन सगळ्यांनी केलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. तेच करायचं. संशयित द्रावणाचा १ मिलिलिटर घेऊन १०० करा. त्यातले १० मिलिलिटर फ्लास्कमध्ये, वर पीएच १० चा अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक. रंग वाइनसारखा लाल येतो. नाशिककरांना तो समजावून सांगायला नको. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत जा. शेवटी शेवटी लाल आणि निळ्याच्या मधला जांभळा येतो, तिथे घाई करू नका, एकेक थेंब. लाल छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबा. द्रावण खरंच १ मोलर असेल तर बरोबर १० मिलिलिटर लागतात.

आमचं वाचन ८.२ आलं. पुन्हा केलं, ८.२. तिसऱ्यांदा, ८.३.

म्हणजे द्रावण ०.८२ मोलर. आता जेलवर परत या: ज्या लेनला आम्ही २२ म्हणत होतो ती २२ गुणिले ०.८२, म्हणजे १८. ठोकळा बिचारा पहिल्यापासून १८ च मागत होता. आणि ज्याला आम्ही १८ म्हणत होतो ते जेमतेम पावणेपंधरा. त्यातूनही बफरमधला १ मिलिमोलर ईडीटीए आपला वाटा उचलतो, कारण ईडीटीएचा एक रेणू मॅग्नेशियमचा एक आयन पकडून बसतो. उरलं पावणेचौदा. धूर निघाला नसता तरच नवल.

उपाय करताना पहिली चूक होते ती ओव्हनची. मीठ ओलं झालं, वाळवूया, असं प्रत्येकाला वाटतं. आमच्या एका मुलीने बीकर ओव्हनमध्ये ठेवायला हातात घेतलाही होता. नको. मॅग्नेशियम क्लोराइडचं हेक्झाहायड्रेट तापवलं की नुसतं पाणी जात नाही, सोबत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफही निघते आणि मागे जे उरतं ते मॅग्नेशियम क्लोराइड राहत नाही. दुसरी चूक, ‘मग निर्जल घेऊ’. निर्जल मीठ पाण्याचा त्याहून मोठा हावरा, आणि त्याचा रेणुभार ९५.२१, हेक्झाहायड्रेटचा २०३.३०. लेबल न वाचता जुन्या आकड्याने वजन केलंत तर द्रावण दुपटीहून जास्त तिखट होईल आणि सगळा माल वेलमध्ये. ही चूक मी दुसऱ्यांची म्हणून सांगत नाहीये.

आम्ही काय करतो: बाटली फोडली की त्याच दिवशी सगळ्या मिठाचं द्रावण करून टाकतो, टायट्रेट करतो, गाळून छोट्या ट्यूबमध्ये भरतो. द्रावणाला पावसाची भीती नाही. बजेट असेल तर तयार १ मोलर द्रावण विकत घ्या, तेही एकदा टायट्रेट करा. मॅग्नेशियम ॲसिटेट वापरणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये, तेही पाणी ओढतं.

याच्या जोडीला एक सवय बदलली. आमची जुळणी ५० मायक्रोलिटरची. त्यात १८ मिलिमोलर आणायचं तर १ मोलर द्रावणाचे ०.९ मायक्रोलिटर घ्यावे लागतात. ०.९! टिपच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेला थेंबच तेवढा असतो. आता मॅग्नेशियम धरून दहापट तीव्रतेचा बफर आधी करून ठेवतो, म्हणजे १८० मिलिमोलर, आणि त्याचे ५ मायक्रोलिटर घालतो. प्रत्येक मुलाची जुळणी एकमेकांशी जुळायला लागली ती यामुळे.

सगळ्यांचा धूर मिठातूनच निघतो असा माझा दावा नाही. जेल वाचताना आमच्याकडे उपयोगी पडलेल्या काही खुणा देते.

माल वेलमध्येच बसला असेल तर मॅग्नेशियम जास्त झालंय किंवा ठोकळे एकमेकांना चिकटतायत. हेलिक्सची उघडी टोकं समोरासमोर आली की रेल्वेच्या डब्यांसारखी जोडली जातात. टोकाच्या स्टेपलना चारपाच थायमिनची (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, टी) शेपूट लावा किंवा टोकाचे स्टेपल गाळूनच टाका. मुख्य बँडच्या वर एक फिकट, पण रेखीव दुसरा बँड असेल तर ती जोडगोळी; थोडी असतेच, तिच्यामागे लागू नका.

फक्त स्कॅफोल्डच्या जागी बँड, बाकी काही नाही: स्टेपल घालायचे राहिले. हसू नका. नाहीतर स्टेपलच्या मूळ द्रावणाची तीव्रता २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजून बघा. आम्ही स्कॅफोल्ड १० नॅनोमोलर आणि प्रत्येक स्टेपल १०० नॅनोमोलर घेतो. दहापट जादा असल्याने थोडीफार तूट खपते, पाचपट तूट खपत नाही. स्टेपल टीई बफरमध्ये विरघळवले असतील तर त्यातला ईडीटीएही मॅग्नेशियमच्या हिशेबात धरा.

जुनी चांगली ट्यूबही जेलवर विस्कटली, तर दोष जेलचा. जेलमध्ये आणि टाकीतल्या बफरमध्ये, दोन्हीकडे मॅग्नेशियम हवं. आम्ही ११ मिलिमोलर ठेवतो. मीठ आलं की करंट वाढतो आणि टाकी तापते. ७० व्होल्ट, दोन टक्के ॲगरोज, आणि टाकी बर्फाच्या परातीत. मे महिन्यात एकदा बर्फ संपला आणि ‘चालेल एवढं’ म्हणून तसंच चालवलं. मधल्या लेन पुढे पळाल्या, कडेच्या मागे राहिल्या, आणि सगळ्या बँडची मिळून एक छान कमान झाली. रॉथमंडना हसरा चेहरा आखायला दोनशेहून जास्त स्टेपल लागले, आमच्या जेलने तो फुकटात काढून दिला.

आणि ती ओली बाटली आम्ही फेकली नाही. मीठ बिघडलेलं नसतं, नुसतं पाणी प्यायलेलं असतं. उरलेल्या सगळ्याचं द्रावण केलं, तीन वेळा टायट्रेट केलं, आणि लेबलवर १ च्या जागी जे वाचन आलं ते लिहिलं. मामांनी त्याच्याखाली तारीख टाकून वर सेलोटेप लावला, म्हणजे शाई ओलीने पसरायला नको. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याच द्रावणातून, गुणाकार करून, पुन्हा जुळणी लावली. बाहेर संततधार, रात्री दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टर त्यापुरता कामी आला. सकाळी १८ च्या लेनमध्ये बँड होता.